डाग म्हणायचा की रंग

इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत लाकडावर कधी चर्चाच झाली नाही. लाकूड म्हणजे सागवान. दारं-खिडक्या सागाच्या, पलंग सागाचा, देव्हारा सागाचा. शिसवी असेल तर ते आजोळच्या श्रीमंतीचं लक्षण, बाभूळ गाडीच्या चाकाला, आंबा खोक्यांना. लग्नात दिलेलं कपाट ‘सीपी टीक’चं, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातल्या सागाचं, आहे हे आल्यागेल्याला सांगण्याचा हक्क मुलीच्या बापाचा, आणि तो हक्क तो जन्मभर बजावायचा. आता विजयनगरकडच्या कुठल्याही शोरूमात जा, सेल्समन आधी ओक दाखवतो. ओकचं फ्लोअरिंग, ओकचं विनियर, ओकचा टेबलटॉप. ‘पांढरा ओक की लाल?’ असं विचारलं की तो ‘इम्पोर्टेड’ म्हणतो. प्रश्न काय होता आणि उत्तर काय, याची त्याला फिकीर नसते, आणि खरं तर गिऱ्हाइकालाही नसते.

मी नोकरीची सगळी वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली. त्यामुळे ओक म्हटलं की मला फर्निचर आठवत नाही, टॅनिक ॲसिडची तपकिरी बाटली आठवते. आणि दुसरं आठवतं ते मायफळ.

ओक आपल्याकडे परका आहे हा गैरसमज आहे. हिमालयात त्याची सख्खी भावंडं आहेत: बांज, मोरू, खर्सू. कुमाऊँ-गढवालात बांजाचं जंगल म्हणजे पाण्याचा झरा, असं तिथली माणसं मानतात. पण हिमालयात जायचीही गरज नाही. बाळगुटीच्या डब्यात हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, सुंठ यांच्या शेजारी जे खडबडीत, वाटाण्याहून मोठं, कडक मायफळ असतं ते ओकचंच. नावात फळ असलं तरी ते फळ नव्हे. तुर्कस्तान-इराणकडच्या एका जातीच्या ओकच्या कोवळ्या अंकुरात एक बारीक गांधीलमाशी अंडं घालते. अळीच्या अवतीभोवती झाड गाठ वाढवतं आणि ती गाठ टॅनिननं भरून टाकतं, इतकी की निम्म्याहून जास्त वजन टॅनिनचंच भरतं. मायफळाला बारीक भोक दिसलं तर माशी बाहेर पडून गेली असं समजायचं. जाणकार बिनभोकाचं निवडतात, कारण त्यात माल जास्त. सहाणेवर त्याचे दोन वेढे दिले की गुटी तुरट होते आणि बाळ तोंड वाकडं करतं. म्हणजे आमच्याकडचं मूल दात यायच्या आधीच ओक चाखून मोकळं झालेलं असतं.

हा तुरटपणा हाच ओकचा खरा स्वभाव. कुठल्याही लाकडात मुख्य पदार्थ तीन. सेल्युलोज, म्हणजे लांबच लांब सरळ साखळ्या. लाकडाला ताण सोसायची ताकद त्यांच्यामुळे. हेमिसेल्युलोज, म्हणजे आखूड, फांद्या फुटलेल्या साखळ्या, पाण्याला लगेच धरणाऱ्या. आणि लिग्निन, ताठ आणि चिवट, या सगळ्याला जखडून ठेवणारं. ओकमध्ये सेल्युलोज साधारण चाळीस टक्के, उरलेल्या दोघांचा वाटा ढोबळमानानं पाव-पाव. हे आकडे सागाचे म्हणून सांगितले असते तरी फारसं बिघडलं नसतं. फरक पडतो तो उरलेल्या थोड्या भागात. ओकच्या गाभ्याच्या लाकडात वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत टॅनिन असू शकतं. त्यातल्या दोन मुख्य रेणूंची नावं व्हेस्कॅलॅजिन आणि कॅस्टॅलॅजिन. विद्यार्थ्यांना ही नावं मी कधी पाठ करायला लावली नाहीत, पण त्यांची रचना फळ्यावर काढली की वर्ग गप्प व्हायचा. मधे साखरेचा कणा, आणि त्याला जागोजाग चिकटलेली गॅलिक आम्लाची कडी, प्रत्येक कड्यावर तीन-तीन हायड्रॉक्सिल शेजारीशेजारी.

शेजारीशेजारी, हे महत्त्वाचं. झाड हा पदार्थ स्वतःच्या रक्षणासाठी साठवतं. बुरशीची, किड्याची विकरं म्हणजे प्रथिनं, आणि टॅनिन प्रथिनाला असं बिलगतं की त्याचं काम थांबतं. जिभेवर तुरट लागतं तेही त्यामुळेच, लाळेतली प्रथिनं धरली जातात. ओल्या चामड्यातलं प्रथिन असंच धरून ठेवलं की ते कुजत नाही. त्यालाच आपण कातडं कमावणं म्हणतो. पण हीच हायड्रॉक्सिलची जोडी लोखंडालाही धरते, आणि तेव्हा जे होतं ते डोळ्यांना दिसतं.

स्वयंपाकघरात हे सगळ्यांनी पाहिलंय. केळफूल विळीवर चिरलं की पातं आणि बोटं दोन्ही काळी. लोखंडी कढईत आवळा शिजवला की रस शाईसारखा. डॉक्टर सांगतात, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, तेही याचसाठी, पोटात गेल्यावर चहातलं टॅनिन लोहाला पकडून ठेवतं आणि शरीराला ते मिळत नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत याचीच एक ओळ असते: द्रावणात फेरिक क्लोराईडचे थेंब, निळसर काळा रंग, टॅनिन उपस्थित.

माझ्या भाचीच्या नव्या फ्लॅटमध्ये हीच ओळ जेवणाच्या टेबलावर लिहिलेली मी पाहिली.

टेबल पांढऱ्या ओकच्या विनियरचं, रंग ओल्या वाळूसारखा, रेषा सरळ. मिस्त्रीनं शेवटचा हात फिरवायच्या आधी पृष्ठभाग लोखंडी तारेच्या बारीक घासणीनं गुळगुळीत केला, फडक्यानं पुसला आणि पाण्यात विरघळणारं पॉलिश मारलं. हल्ली वासाचा त्रास नको म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. सकाळी बघतात तो सगळ्या टेबलावर राखाडी-निळे ठिपके. कुठे मोहरीएवढे, कुठे एकाला एक लागून रेघ झालेली, आणि प्रत्येक ठिपक्याच्या कडेला फिकट निळी प्रभावळ. भाचीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मिस्त्रीनं निर्णय देऊन टाकला होता, ‘मैडमजी, इस लकड़ी में फफूंद है, माल ही खराब आया।’ दुकानदार फोनवर म्हणत होता, मिस्त्री खराब आहे.

दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते. हाच मिस्त्री सागावर अशीच घासणी आयुष्यभर फिरवत आला. सागात टॅनिन कमी, त्याचं संरक्षण वेगळ्या मालमसाल्यावर चालतं: टेक्टोक्विनोनसारखी क्विनोनं, तेलकट द्रव्यं, थोडं नैसर्गिक रबरसुद्धा. वाळवीला सागाचं तोंड आवडत नाही ते त्यांच्यामुळे. घासणीचे तुटलेले तारेचे कण सागाच्या छिद्रांत राहिले तरी सहसा बोभाटा होत नाही. ओकच्या छिद्रांत राहिले, वरून पाणी मिळालं, आणि लाकूड मुळात आम्लधर्मी. ओकचा पीएच ४च्या आसपास, कधी त्याहूनही खाली. आम्लानं लोखंड विरघळलं, टॅनिननं ते धरलं, हवेनं त्याला फेरिक केलं, काळा रंग तयार. कुणी मुद्दाम प्रयोग मांडला असता तरी इतका स्वच्छ उतरला नसता.

मिस्त्रीचा पहिला विचार घासून काढायचा. तो मी तातडीनं थांबवला, कारण विनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. डाग त्याच्या आत मुरलेला, आणि पॉलिश पेपरनं डागाच्या मागे लागलं की खालचा प्लाय दिसायला लागतो. इथे हत्याराचं काम नाही, औषधाचं आहे. औषध म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिड. ते कुठे मिळेल म्हणून भाची इंटरनेट शोधायला लागली. मी तिला म्हटलं, खाली कुठल्यातरी फ्लॅटमध्ये फरशी घासणारा आला असेल, त्याला विचार. संगमरवर आणि मोझेकची फरशी चमकवायला ही माणसं तीच पांढरी भुकटी वापरतात. अर्ध्या तासात कागदाच्या पुडीत आली.

पॉलिश उतरवून कोमट पाण्यात विरघळवलेली ती भुकटी ब्रशनं सगळ्या टेबलावर सारखी लावली, नुसती डागांवर नव्हे, नाहीतर डागाच्या जागी पांढरे चट्टे राहतात. हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या, कारण ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे आणि वाळलेल्या लाकडावरून त्याची धूळ उडाली तर नाकाघशाची आग होते. बघता बघता ठिपके फिकट व्हायला लागले. आधी कडेची निळी प्रभावळ गेली, मग मधला काळा थेंब तपकिरी झाला आणि विरला. ऑक्झॅलेट लोखंडाला टॅनिनपेक्षा घट्ट धरतं आणि ते पाण्यात विरघळतं, एवढंच त्यातलं मर्म. मग स्वच्छ पाण्यानं पुन्हापुन्हा पुसून घेतलं. मिस्त्री बराच वेळ वाकून बघत होता. ‘जादू है’ वगैरे काही म्हणाला नाही. त्यानं पुडीतली उरलेली भुकटी कागदात नीट बांधली आणि स्वतःच्या थैलीत ठेवली. कारागिराची दाद अशीच असते.

या प्रकरणात गंमत अशी की ज्या गोष्टीसाठी भाची रडकुंडीला आली होती, तीच गोष्ट करून घ्यायला लोक पैसे मोजतात. व्हिनेगरात तारेची घासणी बुडवून काही दिवस ठेवली की लोखंड विरघळून फेरस ॲसिटेट होतं. दिसायला मळकं पाणी. ते ओकवर ब्रशनं फिरवा, पहिल्या मिनिटाला काही होत नाही, मग करडं, मग काळं, डोळ्यांसमोर. हवेतला ऑक्सिजन लागतो म्हणून तो उशीर. रेषा, छिद्रं, सगळी नक्षी जागच्या जागी राहते आणि लाकूड आबनुसासारखं दिसतं. वर रंगाचा थर नाही, लाकूडच काळं झालेलं. रसायनाच्या दृष्टीनं हे टेबल आणि ते डाग यांत तसूभर फरक नाही. एकाला डाग म्हणायचं आणि दुसऱ्याला रंग, ते फक्त कुणाच्या मनात काय होतं त्यावर ठरतं.

हे तंत्र विलायती वाटत असेल तर इंदुरातून धार रस्ता धरावा आणि बाग गावापर्यंत जावं. बाग प्रिंटचं कापड आपण सगळ्याच बायका अंगावर घालतो, पण त्यातल्या काळ्या रंगाचा उगम कोण बघतो? छपाईच्या आधी कापडाला हिरड्याचा हात दिलेला असतो. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्यात स्वतःचं टॅनिन नाही, म्हणून हिरड्याकडून उसनं घ्यायचं. मग लाकडी ठशानं, चिंचोक्याच्या खळीत कालवलेलं लोखंडाचं क्षार उमटवलं की तिथे काळं. तुरटी उमटवली तर पुढे अलिझरिन या रंगद्रव्याच्या कढईत तिथे लाल. ओकला ही आधीची पायरी लागत नाही, त्याचा हिरडा त्याच्या पोटातच असतो. कधीकधी वाटतं, आमच्या कॉलेजात फेरिक क्लोराईडची परीक्षानळी फिरवण्याऐवजी मुलांना बागला नेलं असतं तर टॅनिन जन्मभर विसरली नसती. पण सहलीला परवानगी आणि बजेट, या दोन गोष्टी एकाच वर्षी मिळाल्या असं झालं नाही.

मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, यांची शाई तर युरोपात शतकानुशतकं चालली. लिहिताना फिकट, वाळता वाळता गडद, कारण तेच, हवा. गॅलिक आम्ल मायफळातूनच वेगळं काढलं गेलं, स्वीडनच्या कार्ल शेले यांनी, १७८६ साली. पण या शाईत आम्ल असतं आणि जास्तीचं लोखंडही, आणि दोघं मिळून कागदाचं सेल्युलोज हळूहळू तोडतात. म्हणून युरोपातल्या जुन्या दस्तऐवजांत अक्षरांच्या जागी भोकं पडलेली सापडतात. आपल्या पोथ्या बऱ्याचशा काजळीच्या शाईनं लिहिलेल्या. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात.

लोखंडाशिवायही ओक काळवंडतो, आणि तो प्रकार मला सगळ्यांत देखणा वाटतो. अमोनियाची धुरी. इंग्लंडकडे अशी गोष्ट सांगतात की घोड्यांच्या पागेतल्या ओकच्या तुळया इतर तुळयांपेक्षा गडद झालेल्या लोकांच्या ध्यानात आल्या. घोड्याच्या मुतातून अमोनिया सुटतो, त्याचा तो परिणाम. गोष्ट खरी असो-नसो, रसायन खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गुस्ताव स्टिकली यांच्या कारखान्यातलं ओकचं फर्निचर असं धुरी दिलेलं असे, आणि तोच रंग त्या काळाची ओळख झाला. फर्निचर बंद खोलीत ठेवायचं, उथळ भांड्यांत अमोनियाचं तीव्र द्रावण ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं. अल्कधर्मी वाफेत टॅनिनचं हवेतल्या ऑक्सिजननं ऑक्सिडीकरण झपाट्यानं होतं.

भाचीच्या सुताराकडून मागून आणलेल्या ओकच्या तुकड्यावर मी हे करून पाहिलं. गच्चीवर प्लॅस्टिकची बादली उपडी, आत वाटीत लिकर अमोनिया, शेजारी तुकडा. दुसऱ्या दिवशी बादली उचलली (तोंड दुसरीकडे करून, ही सवय हाडीमाशी आहे) तेव्हा तुकडा हिरवट राखाडी, अगदी मरगळलेला दिसत होता. तेलाचं बोट फिरवलं मात्र, खालून मधाळ गडद तपकिरी वर आला. आणि एका कडेला सरळ पांढरी पट्टी, तिला काही म्हणजे काही झालेलं नाही. ती सालीलगतची, झाडाचा रस वाहून नेणारी बाजू. तिथे झाडानं टॅनिन साठवलेलंच नसतं. रंग लावला असता तर तो दोन्हींवर सारखा बसला असता. धुरी खोटं बोलत नाही, जिथे नाही तिथे नाही. घरी कुणी करणार असेल तर मात्र बंद खोलीत करू नये. तीव्र अमोनिया डोळे आणि फुप्फुसं, दोन्हींवर उठतो.

आता उष्णता. इथे ओकची दुसरी कीर्ती सुरू होते आणि आमच्या घरात विषय बदलला जातो. पिंपांचा विषय. वाइन आणि व्हिस्की ओकच्याच पिंपात का मुरवतात, याचं पहिलं कारण रासायनिक नसून गळतीचं आहे. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या नळ्या झाड स्वतःच आतून फुग्यांसारख्या वाढीनं बुजवून टाकतं, त्यामुळे लाकूड द्रव धरतं. लाल ओकच्या नळ्या बहुधा उघड्याच राहतात. रेषेच्या दिशेनं कापलेल्या लाल ओकच्या कांडीचं एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून फुंकलं तर बुडबुडे येतात. शोरूममधल्या त्या सेल्समनला हे दाखवलं पाहिजे.

पिंपाच्या फळ्या आधी दोन-तीन वर्षं उघड्यावर, पावसात रचून ठेवतात. फ्रान्समध्ये तशी पद्धतच आहे. नुसतं वाळवायचं नसतं, पावसानं टॅनिन धुऊन जायला हवं असतं, नाहीतर वाइन जीभ ओढेल. त्या रचलेल्या फळ्यांखालची जमीन तपकिरी होते. मग आगीवर वाकवतात, आणि आतून भाजतात. भाजताना एकेक पदार्थ आपापल्या पाळीनं बोलतो. हेमिसेल्युलोज आधी मोडतं. त्यातल्या साखरा जळू लागल्या की फर्फ्युराल होतं, भाजल्या बदामासारख्या, पावासारख्या वासाचं. लिग्निन चिवट, ते उशिरा. त्याच्यातून व्हॅनिलिन निघतं, तोच व्हॅनिला आइसक्रीमचा वास, आणि आणखी भाजलं की धुराच्या वासाचं ग्वायकोल. नारळाचा वास मात्र भाजण्याआधीपासून असतो, ओकच्या स्वतःच्या लॅक्टोन नावाच्या द्रव्याचा. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीसाठी तिथल्या कायद्याला नवं, आतून कोळसा होईस्तोवर जाळलेलं ओकचं भांडंच लागतं. त्यामुळे तिथे एकदा वापरलेली पिंपं गाठोड्यानं स्कॉटलंडला जातात.

व्हॅनिलिन लाकडाच्या कुळातून येतं हे नवं नाही. जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी १८७४ साली पाइनच्या झाडातल्या कोनिफेरिन नावाच्या द्रव्यापासून ते बनवलं. लिग्निन ज्या रेणूंच्या विटांनी रचलेलं असतं त्या विटा आणि व्हॅनिलिन यांचं नातं अगदी जवळचं. जुनी पुस्तकं उघडली की येणारा गोडसर वास असतो त्यातही हा मेंबर असतो.

कोळशावरून इंदूरच्या राजवाड्याची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि १९८४च्या आगीत लाकडाचा बळी गेला. जाड तुळई पेटली की तिच्यावर कोळशाचा थर चढतो आणि तो आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. आग आत सरकते ती मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या वेगानं. बारीक नक्षीकामाला हा हिशेब लागू पडत नाही. त्याला वाचवायला आतलं असं काही उरलेलंच नसतं.

आगीच्या खूप अलीकडे, १६० ते २२० अंशांच्या दरम्यान, वाफेच्या वातावरणात लाकूड तासन्‌तास ठेवायचं तंत्र फिनलंडनं १९९०च्या दशकात बाजारात आणलं. एक थेंब रसायन न घालता लाकूड गडद होतं, पावसाळ्यात फुगणं-आक्रसणं खूपच कमी होतं, बुरशी लवकर धरत नाही. हे सगळं पाणी धरणाऱ्या हेमिसेल्युलोजला आधी मोडून टाकल्यामुळे. पण तेच मोडल्यामुळे लाकूड ठिसूळही होतं, खिळा ठोकताना चिरतं, भार घेणाऱ्या तुळईला चालत नाही. शोरूममध्ये ‘थर्मो ओक’ लिहिलेलं असलं तर बाल्कनीच्या फरशीला खुशाल घ्यावं, पलंगाच्या पाट्याला मी घेणार नाही.

हेमिसेल्युलोजचं आणखी एक कर्तृत्व आहे, आणि ओकबद्दलची माझी खरी तक्रार ती आहे. त्याच्या साखळ्यांना ॲसिटिल गट लोंबकळत असतात. थोडा ओलावा मिळाला की ते सुटतात आणि ॲसिटिक ॲसिड होतं, म्हणजे व्हिनेगरातलं आम्ल. ओक ते वर्षानुवर्षं हवेत सोडत राहतो. उघड्या टेबलाला त्याची फिकीर नाही, बंद कपाटाला आहे. इंग्लंडमध्ये ओकच्या कपाटांत ठेवलेले शंखशिंपले पांढऱ्या भुकटीनं झाकले जाऊन झिजायला लागले. बाइन नावाच्या संग्राहकानं १८९९ साली त्यावर लिहिलं, म्हणून त्याला अजून ‘बाइनचा रोग’ म्हणतात. रोग कसला, शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि कपाट व्हिनेगर सोडतंय. शिशाची नाणी, शिक्के यांची गत आणखी वाईट, त्यांचा पांढरा कार्बोनेट होतो. पूर्वी रंगाचा सफेदा करायला शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरवर टांगून भोवती शेणखत रचत, तीच क्रिया. एके ठिकाणी कारखाना, दुसऱ्या ठिकाणी नुकसान.

संग्रहालयांनी यातून एक साधी परीक्षा बसवली. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली मांडलेली. कपाटासाठी वापरायचा पदार्थ, थोडं पाणी आणि शिसं, चांदी, तांबं यांच्या पट्ट्या बंद नळीत घालून ६० अंशांवर २८ दिवस ठेवायच्या. पट्टी काळवंडली, पांढरी पडली, तर तो पदार्थ कपाटाबाहेर. ओक या परीक्षेत शिशाच्या पट्टीवर सपशेल नापास होतो.

भाचीनं टेबल सावरल्यावर देवघरही ओकचं करायचं ठरवलं होतं. नक्षी तयार, काचेची दारं, खाली घट्ट बसणारे ड्रॉवर, त्यात देवीची कवड्यांची माळ आणि पणजीची मोत्यांची नथ. कुलदैवत तुळजाभवानी, त्यामुळे कवड्या आल्याच. कवडी म्हणजे शंख, मोती म्हणजे त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे थर, आणि आमच्या पावसाळ्यात ओलावा भरपूर. हे मी सांगितलं तेव्हा भाची म्हणाली, ‘मावशी, तू प्रत्येक गोष्टीत रिॲक्शन काढतेस.’ तिच्या सासूबाई मात्र ताबडतोब माझ्या बाजूला आल्या. त्यांना रसायन नको होतं, सागाचं देवघर हवंच होतं, फक्त सुनेला सांगायला कारण मिळत नव्हतं.

मग तोड निघाली. साग काही अगदी निर्दोष नाही, थोडं आम्ल तोही सोडतो, पण ओकच्या मानानं पुष्कळ सुसह्य. देवघर सागाचं, समोरून उघडं, दारंच नाहीत. नथ लाकडात ठेवायचीच नाही, सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या कपाटात. ओकचे जे ड्रॉवर आधीच बनून आले होते ते टीव्हीखाली बसवले. त्यांत आता रिमोट, विजेची बिलं आणि चार्जर असतात, त्यांना व्हिनेगरची वाफ लागली तरी कुणाचं काही अडत नाही. मिस्त्रीनं कवड्यांची माळ टांगायला देवघरात पितळेचा आकडा लावला. लोखंडाचा लावू का असं त्यानं आधी विचारलं होतं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, ‘नहीं, रहने दो, पीतल ही ठीक है।’ सागाला लोखंड चाललं असतं. पण मी त्याला सांगितलं नाही, पितळेचा आकडा दिसायला चांगला होता.